बिनखिळ्याचे बूट

परवा आमच्या नातीने सायकलचे बूट आणले. सायकलला घालायचे नव्हे, सायकल चालवताना आपण घालायचे. नगरच्या एमआयडीसीत ती नोकरीला जाते आणि हल्ली सायकलने जायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलंय. "आजी, हेच घालून ऑफिसात बसता येतं, येताना भाजीसुद्धा आणता येते," असं तिने मला चार वेळा समजावलं. तळ जरा टणक, त्याला आडव्या रेघा, म्हणजे पेडलवरून पाय घसरत नाही. ती चहा टाकायला आत गेली तशी मी ते बूट पायात घातले आणि हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून घेतल्या. सत्तरी उलटली तरी माझ्या अंगातला वांडपणा गेलेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं, हे मी पन्नास वर्षांपूर्वीच शिकायला हवं होतं.

बूट काढले आणि माझा हात आपोआप आत गेला. चवड्यापासून टाचेपर्यंत बोटं फिरवली. मग बूट उलटा करून दोनदा जमिनीवर आपटला.

"आजी, नवीन आहेत गं. काय शोधतेस?"

"खडा," मी म्हटलं.

घरात कुणाचेही बूट असोत, माझा हात आत जाऊन येतो. घरच्यांना ते म्हातारपणाचे चाळे वाटतात. ही सवय मला ज्या माणसाकडून लागली, त्याच्या बुटांनाही खालून अशाच आडव्या रेघा होत्या. त्या तिसगावच्या हरिबाने ट्रकच्या जुन्या टायरमधून रापीने कापलेल्या होत्या.

त्या माणसाला आम्ही तापभाऊ म्हणायचो. हिवताप खात्यातला माणूस. महिन्यातून दोनदा पाथर्डीहून सायकलने यायचा. सायकलला घंटी नव्हती. वस्तीच्या अलीकडच्या बाभळीपासूनच तो आरोळी ठोकायचा, "ताप हाय का कुनालाऽऽ!" कोथिंबीर विकायला आल्यासारखी. मग दारोदार थांबून तेच पुन्हा साध्या आवाजात विचारायचा. ताप असला की बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, चार कडू गोळ्या द्यायचा आणि त्या गिळल्याची खात्री केल्याशिवाय हलायचा नाही. जाताना दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहायची, म्हणजे वरच्या साहेबाला कळावं की हा खरंच येऊन गेला.

अंगाने काटकुळा, चाळिशीच्या आतबाहेरचा, खाकी शर्ट, कॅरिअरवर पत्र्याची पेटी. आणि पायात ते तपकिरी कॅनव्हासचे बूट, घोट्यापर्यंत नाडीने करकचून बांधलेले. आमच्या त्या भागात तेव्हा बूट दोघांच्याच पायात असायचे, फौजदाराच्या आणि नवरदेवाच्या. हा दोन्ही नव्हता. त्यामुळे माणसापेक्षा त्याच्या बुटांबद्दलच गावात जास्त बोललं जायचं.

सुई टोचली की तो प्रत्येकाला विचारायचा, "दुखलं?"

"दुखलं की! सुई हाय का दाभन?"

"मग बरं हाय," असं म्हणून तो हसायचा.

मोठी माणसं त्याच्यावर चिडायची. "टोचून वर बरं हाय म्हनतोय!" पण कुणी "न्हाई दुखलं" म्हटलं, अगदी फुशारकीने, तरी हा त्याचं बोट धरून पुन्हा एकदा नीट दाबून बघायचा. ही त्याच्या कामाची रीत आहे असं आम्हाला वाटायचं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. माहेर नगरचं, सातवी पास. तिसगावपासून चार मैलांवरच्या वस्तीत शेतकऱ्याच्या घरी मला दिली. मोठ्या जावेला, कौसल्याला, अक्षर कळत नव्हतं, सासूबाईंना घड्याळ कळत नव्हतं आणि मला आपण फार हुशार आहोत याखेरीज काहीच कळत नव्हतं. सासूबाई मला "ए नगरवाली" म्हणायच्या. टोमणा होता तो, पण मी तो पदवीसारखा मिरवायचे.

तापभाऊच्या ते लक्षात आलं असावं. एकदा त्याने पेन्सिल माझ्यापुढे धरली. "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं असंल. तुमीच लिवा तारीख."

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दीड वर्षात माझ्या हातात कुणी पेन्सिल दिली नव्हती. मी इतकी ठसठशीत तारीख लिहिली की तो म्हणाला, "हे बगून साहेब मला कायम करंल." तेव्हापासून आमच्या भिंतीवरच्या सगळ्या तारखा माझ्या हातच्या. एकाखाली एक, सरळ ओळीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी त्या दाखवायचे. तारखाच त्या, पण मी कविता लिहिल्यासारखी दाखवायचे.

त्याची दुसरी खोड म्हणजे त्याने कधी उंबरा ओलांडला नाही. आजारी माणसाला दारापर्यंत आणायला सांगायचा. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला तांब्या देतात. हा दोन्ही हात जोडायचा. "दुष्काळात पायाला पानी कशाला, आई? प्यायला ऱ्हाऊ द्या." विहिरींनी तळ दाखवलेला होता, पाण्यासाठी आम्ही दोन मैल जात होतो. सासूबाईंना ते बोलणं इतकं पटलं की त्या इतर पाहुण्यांना त्याचा दाखला द्यायच्या. पाहुण्यांनी तो घेतला नाही, हे वेगळं.

आणि तिसरी खोड, बुटांची पूजा. आमच्या दारासमोर लिंबाखाली तो घटकाभर टेकायचा. सायकल खोडाला, पेटी मांडीशी. मग एक बूट काढून त्यात हात घालायचा आणि कोंबडी अंड्यावर बसली आहे का हे चाचपावं तसा आत चाचपत राहायचा. उलटा करून झटकायचा. तळ डोळ्यांजवळ नेऊन बघायचा, चिमट्याने काटे उपसायचा. तो घालून झाला की दुसरा. पाय मात्र आमच्याकडे पाठ करून. मी कौसल्याला म्हणायचे, "बायकोचं तोंड बघितलं नसेल इतकं बुटाचं तळ बघतो." कौसल्या पदरात हसायची. त्याला बायको होती की नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नाव तरी कुठे ठाऊक होतं?

तिसगावच्या बाजारात एकदा मी आमच्या ह्यांच्याबरोबर चप्पल शिवायला हरिबाकडे गेले, तर तापभाऊ तिथे बसलेला. हरिबाची आणि त्याची जुंपली होती. सायकलच्या पेडलांचं रबर कधीच झिजून गेलेलं, नुसत्या लोखंडी कांबी उरलेल्या. त्यांवरून पाय सटकू नये म्हणून याला बुटाला टायरचा तळ हवा होता. आणि तो खिळ्यांनी ठोकायचा नाही, दोऱ्याने शिवायचा.

"खिळा नको?" हरिबा म्हणाला. "अरं बूट हाय का वाकळ, दोऱ्यानं शिवायला? चार खिळं मारतो, धा वर्सं बगायला नको."

"खिळा वर आला तर?"

"आला तर टोचंल. टोचला की ये, ठोकून देतो. त्यात काय एवढं?"

"न्हाई हरिबा. शिवाच."

"टायरातनं सुई जात न्हाई, बाबा. माजा अख्खा दिवस जाईल."

"जाऊ द्या. मी बसतो."

आणि तो खरंच बसला. आम्ही बाजार करून परत आलो तेव्हाही तो तिथेच होता. हरिबा घामाघूम होऊन टायरला आरीने भोकं पाडत होता, हा प्रत्येक टाका बोटाने तपासत होता. हरिबा आम्हाला बघून ओरडला, "पोरीचं लगीन जमवताना बी मान्सं एवढी चौकशी करीत न्हाईत!" मी खळखळून हसले. भर बाजारात सुनेने असं हसू नये म्हणून घरी बोलणीही खाल्ली.

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी भाद्रपदही कोरडा गेला आणि गावातले सगळे गडी खडी फोडायच्या कामावर गेले. तेव्हाच सासूबाईंना ताप भरला. तापभाऊने रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, पण त्याला लक्षण बरं दिसेना. सासूबाई बडबडायला लागल्या होत्या. घरात खाटेला टेकलेले मामंजी आणि आम्ही दोघी. गाडीचे बैल विकलेले.

त्याने पेटी माझ्याकडे दिली. सासूबाईंना कॅरिअरवर बसवलं, लुगड्याच्या धडप्याने सीटला बांधलं, त्यांचा एक हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि सायकल हाताने धरून पाथर्डीच्या दवाखान्याकडे चालू लागला. सहा मैल, चालत, खडीच्या रस्त्याने. कौसल्या बरोबर गेली. ती सांगायची, वाटेत तीनदा सासूबाई घसरल्या, तीनदा त्याने बांधल्या. स्वतः एकदाही टेकला नाही.

सासूबाई वाचल्या. आठ दिवसांनी घरी आल्या तेव्हा आधी देवापुढे आणि मग रिकाम्या रस्त्याकडे बघून त्यांनी हात जोडले. "पोटच्या पोरानं केलं नसतं," म्हणाल्या.

त्यानंतर त्याच्या दोन फेऱ्या चुकल्या. मी विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, "एकदा पुण्य केलं, आता महिनाभर सरकारी पगारावर झोपा काढतोय." बायका हसल्या. मला हशा फार प्रिय होता.

महिन्याने आला तेव्हा एका बुटाला बाजूने चीर पाडलेली होती आणि आतून पांढरं फडकं डोकावत होतं. मी म्हटलं, "काय तापभाऊ, बुटाला जखम झाली का?"

"व्हय वहिनी," तो म्हणाला, "बुटालाच."

आता पैजेचं सांगते. सांगावंसं वाटत नाही, पण एवढं लिहून ते टाळलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

पुढच्या वर्षीचा चैत्र. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन तोंडाची चव गेलेली, पाण्याच्या खेपांनी मान मोडलेली. करमणूक म्हणून काही नाही. मी कौसल्याला म्हटलं, "ह्या तापभाऊला बूट काढून घरात आणून दाखवू का?"

"न्हाई यायचा त्यो."

"लाव पैज. आला तर आठवडाभर माझ्या वाटणीचे हंडे तू आणायचेस."

"आन् न्हाई आला तर माजं तुज्याकडं? पक्कं? लाव."

तो आला तेव्हा भर दुपार होती. सासूबाई दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी आणायला गेल्या होत्या. मी दारात चेहरा पाडून उभी राहिले. "मामंजींना ताप आहे हो. उठवतच नाही."

"उंबऱ्यापतुर आना की. मी धरू लागतो हितनं."

"नाही उठवत. आतच यावं लागेल. आणि वाट देवाच्या खोलीतून आहे."

त्याने एकदा आत बघितलं, एकदा पायांकडे. मग ओट्यावर बसला आणि नाड्या सोडायला लागला. दुहेरी गाठी होत्या. त्या सुटेपर्यंत मी आणि दाराआडची कौसल्या हसू दाबून अर्ध्या झालो. आत मोजे, करडे, चार ठिकाणी रफू केलेले. बूट त्याने भिंतीशी जोडीने ठेवले. चालताना प्रत्येक पावलाआधी तो जमिनीकडे बघत होता. मी जमीन स्वच्छ सारवली आहे की नाही हे हा बघतोय असं वाटून मला रागही आला.

तो आत गेला आणि मी ते बूट उचलून कणगीत टाकले. धान्य नव्हतंच, कणगी रिकामी होती. तळाला थोडा कोंडा.

आतून मामंजींचा आवाज आला. "मला कुटला ताप? काकडीवानी गार हाय मी. कोन म्हनलं?"

तो बाहेर आला. चिडला नव्हता. "ताप न्हाई त्यांना, वहिनी. चांगलं झालं." मग भिंतीशी बघितलं. "बूट?"

"अगंबाई! कुत्र्याने नेले वाटतं."

"कंच्या अंगाला गेलं?"

मी अंगणापलीकडे बोट दाखवलं, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाकडे.

चैत्रातल्या दुपारी त्या अंगणातून आम्ही अनवाणी पळतसुद्धा जात नव्हतो. पोत्याचा तुकडा टाकायचा, त्यावर उडी, पुन्हा तुकडा पुढे. मला बघायचं होतं, बूटवाला साहेब आता बेडकासारखा कसा उड्या मारतो ते. आम्ही दोघी पदराचे बोळे तोंडात कोंबून दारात उभ्या राहिलो.

तो उड्या मारेना. घोंगडीवरून चालावं तसा तो त्या तापलेल्या जमिनीवरून चालत गेला. कुंपणाशी वाकून काट्यांत शोधलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत फिरला.

हसायची आधी कौसल्या थांबली. "अगं," ती म्हणाली, "ह्याला चटका बसंना."

मग मलाही दिसलं. कुंपणापासून आमच्याकडे, त्याच्या मागोमाग, धुळीत एक-एक लाल ठिपका येत होता. डाव्या पायाच्या प्रत्येक पावलाला एक.

त्याच वेळी सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन कुंपणाच्या तोंडाशी आल्या. त्यांनी आधी धुळीकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

"भाऊ, थांब. पाय बग तुजा."

त्याने मागे वळून ठिपके बघितले. एका पायावर उभा राहून दुसरा उचलला. बोटभर लांबीचा बाभळीचा काटा मोज्यातून आत शिरून मोडला होता. तो उपसायचं सोडून तो सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

"टोचलं न्हाई तुला?"

त्याने उचललेला पाय खाली टेकला.

सासूबाईंनी पाटी खाली ठेवली. "माज्या भावाला बी टोचत नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि दोन पावलं मागे सरल्या. "रगतपिती हाय ह्याला."

रगतपिती म्हणजे महारोग. त्यांचा तो भाऊ घरच्यांनी मळ्यातल्या खोपटात ठेवला होता आणि तिथेच तो गेला, हे मला मागाहून कळलं.

"आई, बरा झालोय मी," तापभाऊ म्हणाला. "समदी औषधं पुरी झाली. कुनाला लागत न्हाई आता. पायाची जान तेवढी परत आली न्हाई. कागद हाय माज्याकडं."

सासूबाई आणखी एक पाऊल मागे गेल्या. सहा मैल ज्या खांद्याला धरून त्या गेल्या होत्या, तो खांदा त्यांच्यापासून दहा हातांवर होता.

मग तो माझ्याकडे वळला. "वहिनी, बूट द्या."

त्याला माहीत होतं. केव्हापासून, देव जाणे. मी कणगीतून बूट काढले. हातात दिले नाहीत. ओट्यावरून त्याच्या पुढ्यात टाकले, लांबून. सासूबाईंच्या शब्दानंतर माझे हात इतके झटकन शिकले होते.

तो तिथेच उन्हात बसला. काटा उपसला, फडकं बांधलं. बुटात हात घालून आत चाचपलं, उलटा करून झटकला. कणगीतला कोंडा खाली पडला. मग दुसरा. दुहेरी गाठी मारल्या, पेटी उचलली आणि सायकल घेऊन गेला. त्या दिवशी पुढच्या घरी आरोळी झाली नाही.

सासूबाईंनी त्याची पावलं धुतली. पाय धुवायला ज्याने कधी तांब्याभर पाणी घेतलं नाही, त्याची पावलं पुसायला देवाच्या खोलीपासून अंगणापर्यंत दोन हंडे गेले.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. एकटाच, पेटीशिवाय. मारुतीपुढच्या पारावर माणसं जमली. आम्ही बायका देवळाच्या भिंतीआड. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सरपंचांपुढे धरला. "मिशनच्या दवाखान्याचा हाय. वाचा. मग काय ते ठरवा."

सरपंचांनी हात पुढे केला नाही. तो शेजारच्यापुढे धरला. त्याने हात मागे घेतले. कागद धरलेला हात असा एकेका माणसापुढून फिरत गेला आणि कागद कुणीच घेतला नाही.

"माजं ऐका न्हाई तर नका ऐकू," तो म्हणाला. "पन नोकरी गेली तर मला दुसरी कोन देनार न्हाई. तेवढं एकदा वाचा." मग त्याची नजर भिंतीकडे आली. "वहिनी हैत ना तितं? त्या शिकल्याल्या हैत. त्यांना वाचू द्या. त्यांचं तरी ऐका."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. सासूबाईंचंही.

आठ-दहा पावलं होती. पुढे जायचं, कागद घ्यायचा, मोठ्याने वाचायचं. एरवी वाचून दाखवायला मी किती हपापलेली असायचे! पण मी पुढे झाले असते तर पहिला प्रश्न आला असता, बूट काढले कसे? मामंजींना ताप होता का? पैज, कणगी, सगळं बाहेर आलं असतं. आणि तो कागद हातात धरला असता तर त्या रात्री मला घराच्या आत झोपायला मिळालं असतं का, तेही ठाऊक नव्हतं. मी पदर पुढे ओढला. इतका, की मला फक्त माझे पाय दिसत होते.

त्याने थोडा वेळ वाट बघितली. मग स्वतःच वाचायला सुरुवात केली. "रंगनाथ बापू कुलथे, राहणार पाथर्डी, यांस तपासले असता..." एवढं ऐकलं. पुढे कालवा वाढला आणि कुणीतरी म्हणालं, "बास झालं, जा आता." त्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दीड वर्ष त्याच्यासाठी तारखा लिहिल्या होत्या.

गावकऱ्यांच्या अंगठ्यांचे ठसे असलेला अर्ज पाथर्डीला गेला. त्याला कामावरून काढलं.

लोकांनी दाराशेजारच्या तारखा खरवडल्या. आमच्याकडे ते काम माझ्यावर आलं. अक्षर माझंच होतं, पण पेन्सिल त्याची. मी खुरपं घेऊन सरळ ओळीतल्या सगळ्या तारखा वरपासून खालपर्यंत खरवडल्या आणि वर पांढऱ्या मातीचा हात फिरवला. कौसल्याने तो आठवडाभर माझ्या वाटणीचे हंडे आणले. मी नको म्हटलं तरी आणले. पैज मी जिंकले होते.

नवा माणूस आला तो चपलांतला. तो सायकलवरून न उतरताच "ताप न्हाई ना?" विचारायचा आणि उत्तर येण्याआधी भिंतीवर तारीख लिहायचा. पाय धुवायला तांब्या दिला की दोन मागायचा. सासूबाईंनी मरेपर्यंत तापभाऊचं नाव काढलं नाही. फक्त एकदा, पुष्कळ वर्षांनी, शेवटच्या आजारात, त्या आपल्याच पायाला चिमटे काढत होत्या. मी म्हटलं, "काय करताय?" तर म्हणाल्या, "दुकतंय का बगते."

त्याला मी आणखी एकदाच पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या बाळंतपणाला मी नगरला माहेरी आले होते. आईने मीठ आणायला पाठवलं. भर उन्हात मी रस्त्याकडेच्या एका लिंबाच्या सावलीत थांबले, तर पलीकडच्या बाजूने तो सायकलवरून आला. आधी सायकल ओळखली. मग दिसलं की डाव्या बाजूला पेडलच नाही. दांडीला काठी बांधलेली होती आणि डाव्या पायाची विजार गुडघ्याखाली दुमडून शिवलेली होती. खिळा न मारता, दोऱ्याने, बारीक टाक्यांनी. एकाच पायाने पेडल खाली दाबायचा, चवडा खालून अडकवून पायानेच वर ओढायचा, पुन्हा दाबायचा. हँडलला भाजीची पिशवी होती.

पाय त्याच काट्याने गेला, असं मला कुणी सांगितलेलं नाही. वर्षभरात त्याला किती काटे लागले असतील. डाक्टरलासुद्धा सांगता येणार नाही. पण मला ती धूळ आठवते, आणि डावा पायच आठवतो.

समोर एका दुकानाच्या फळीशी तो थांबला, काठीवर तोल सावरत उतरला आणि बसला. हाक मारायला मी सावलीतून दोन पावलं पुढे आले. गरोदरपणात पाय सुजलेले, म्हणून चप्पल अर्धवटच अडकवली होती, ती निसटली. डांबराचा असा चटका बसला की मी टुणकन मागे उडी मारली. तापभाऊ म्हणून हाक मारायची लाज वाटत होती. आणि रंगनाथ हे नाव माझ्या तोंडातून निघेना. ते मी जिथे ऐकलं होतं, तिथे मान खाली घालून उभी होते.

त्याने उजव्या पायाची दुहेरी गाठ सोडली. बूट काढून हात आत घातला. चवडा, मधला भाग, टाच. बूट उलटा केला, झटकला. तळ डोळ्यांजवळ नेऊन एक-एक रेघ बघितली. तो घालून गाठ मारली. आणि मग, दुसऱ्या बुटासाठी, त्याचा हात सवयीने डावीकडे गेला. तिथल्या फरशीवर क्षणभर टेकला. त्याने तो मागे घेतला, भाजीची पिशवी सारखी केली आणि सायकलवर बसला.